मागच्या पाखीवरची कौलं

मैदान बंद झालं असतं तर सुगंधाचा सगळीकडून फायदाच होता. एक तर तिचा चुलतभाऊ मधू दिवसाउजेडी घरात सापडला असता आणि माडांना पाणी लावायचं काम रोज तिच्या एकटीच्या माथी आलं नसतं. दुसरं, बॉल कुणाच्या परड्यात गेला की "तू चेडू, तुका कोण ओरडूचो नाय," असं म्हणून पोरं तिलाच पुढे ढकलायची आणि शिव्या खाऊन बॉल घेऊन तीच परत यायची. तेही थांबलं असतं. शिवाय आईनं अंगणात वाळत टाकलेल्या कोकमाच्या सोलांवर बॉल पडू नये म्हणून तिला राखण बसावं लागायचं. निम्मी मे महिन्याची सुट्टी त्या लाल चिकट सोलांसमोर गेली होती.

तोटा म्हणाल तर एकच. येत्या रविवारी शिरोड्याची मुलं एसटीनं सामना खेळायला येणार होती, आणि वाडीच्या चिल्लर संघाच्या गोलात सुगंधा उभी राहणार होती.

नेहमीचा गोलकीपर मामाकडे मुंबईला गेला, म्हणून ही जागा रिकामी झाली होती. मधू कप्तान. त्यानं आधी तीन मुलगे गोलात उभे करून पाहिले. एकजण बॉल आला की डोळे मिटायचा, दुसरा पळायचा, तिसरा दोन्ही करायचा. सुगंधानं मात्र आंबे उतरताना वरून येणारे आंबे झेलण्यात चार हंगाम घालवले होते. आपटलेला आंबा पेटीत जात नाही आणि आईची बोलणी बसतात, हे ज्याला कळतं त्याच्या हातून बॉल सहसा सुटत नाही. मधूनं तिला जागा दिली ती काही बहिणीच्या मायेनं नव्हे.

बुधवारी सकाळी देवळापुढच्या मैदानात कोण कुठे खेळणार यावरून हुज्जत चालली होती, तेवढ्यात भिकाजी आला. भिकाजी म्हणजे मैदानाला लागून राहणाऱ्या काशीबाईचा पाठचा शेजारी. त्याच्या हातात फुटक्या कौलाचा तुकडा होता, आणि तो त्यानं असा उंच धरला होता की जणू कोर्टात पुरावा दाखवतोय. मागून काशीबाई येत होती, पदर सावरत, धापा टाकत.

"बगलात?" भिकाजी म्हणाला. "काल दुपारी परत एक कौल गेला. हे तुमचे खेळ. शनिवारी देवळात बैठक आसा. मैदान बंद केल्याशिवाय मी थंयसून उठूचंय नाय."

"पण काकानू, बॉल सोमवारीच मालवणाक शिवूक गेलो आसा," जानकी म्हणाली. जानकी सुगंधाची मैत्रीण, दहा वर्षांची, आणि मोठ्यांना मध्येच उत्तर देण्यात तिच्या तोडीचं वाडीत कुणी नव्हतं.

"एक गेलो आसात. दुसरो आसतलो."

"दुसरो आमका कोण देता? तुमी देतात?"

"जीब बग चेडवाची," भिकाजी म्हणाला आणि कौल हलवत गेला.

काशीबाई तिथंच थांबली. तिच्या आवाजात राग कमी आणि काळजी जास्त होती. "माझ्या काय पोटात दुखता काय रे तुमी खेळल्यार? पण पावस तोंडार इलो. माझो झील मुंबयक. घरात पाणी गळाक लागला की माझी चूल कोण उचलून ठेवतलो?"

 बॉल मालवणात आणि कौल इथं फुटलं, एवढंच पोरांना ठाऊक होतं. मोठी माणसं मात्र हिशेब सोपा करतात. मैदान जवळ आहे, पोरं दांडगी आहेत, तेव्हा कौल पोरांनीच फोडलं.

"आपण जावन घर बगुया," सुगंधा म्हणाली.

"कित्याक? आणखी शिव्यो खावक?" मधू म्हणाला.

"शिव्यो मीच खातंय. तू नुसतो पाठसून ये."

जानकीही मागोमाग आली. काशीबाईनं तिघांना हाकललं नाही. उलट ओटीवर बसवून कोकमाचं सरबत दिलं आणि सरबताबरोबर तक्रारींचा पाढाही. वाडीच्या क्रीडामंडळाचे मोठे खेळाडू गोल चुकला की ज्या शिव्या देतात त्या तिच्या देवघरापर्यंत येतात. दुपारी जरा डोळा लागतो, नेमका तेव्हाच धाडधाड सुरू होतं. धुरळा उडून सोलांवर बसतो. आणि सामना बघायला आलेले पुरुष तिच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आडोशाला उभे राहतात. कशाला, ते तिनं सांगितलं नाही, पण तोंड असं केलं की सगळं कळलं.

मधू खाली मान घालून सरबत पीत राहिला. यातलं एकही खोटं नव्हतं. सुगंधाला वाटलं, आपण आरोपीच्या बाजूनं आलो खरे, पण फिर्यादीची बाजू काही हलकी नाही.

"आजये, कौलां खंय फुटली ती बगू?" तिनं विचारलं.

"बग. डोळे तरणे आसत तुझे."

घरात अंधार होता. कौलारू घरात भर उन्हातही असतो तसा थंड, शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास असलेला अंधार. ओटीच्या आतल्या खोलीत सुगंधाला जमिनीवर दोन कवडसे दिसले. ती मागच्या खोलीत गेली आणि दारातच थबकली. तिथं कवडशांची नुसती रांगोळी पडली होती. कणगीवर एक, उखळाजवळ एक, चुलीच्या कडेला दोन, आणि बाकीचे जमिनीवर इकडे तिकडे.

"मधू, मैदान घराच्या खंयच्या बाजूक?"

"पुढे. ह्या काय विचारूचा?"

"आनी कवडसे बहुतेक सगळे पाठच्या खोलीत. म्हणजे फुटकी कौलां मागच्या पाखीवर, छपराच्या पाठच्या उतारार. तुमचो बॉल काय छपरावरसून जावन, वळान, पाठसून येवन पडता?"

मधूनं वर पाहिलं, खाली पाहिलं, मग परत वर पाहिलं. "माझी किक तशी वळता कधी कधी," तो म्हणाला.

"येवडी वळली आसती तर तू आज हंय नसतंस," जानकी म्हणाली.

तिघं मागच्या दारानं बाहेर पडली. तिथं भिकाजी आणि त्याचा चुलतभाऊ महादू यांच्या परड्यांच्या मधला जांभ्या दगडांचा गडगा होता. त्या गडग्यातच एक माड उगवला होता. उगवताना सरळ, पण पुढे काशीबाईच्या छपरावर वाकलेला. त्याच्या बुंध्याला एक सुकून गेलेला आंब्याचा टाळ, म्हणजे पानांची डहाळी, काथ्यानं बांधला होता.

या माडाची गोष्ट वाडीत सगळ्यांना पाठ होती. माड भिकाजी म्हणे माझा, महादू म्हणे माझा. दोन वर्षांपूर्वी प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा देवळाचे मानकरी भाई यांनी देवाची आण घातली आणि टाळ बांधला. वाद मिटेपर्यंत माडाला कुणी हात लावायचा नाही. आण घातली आणि सगळे आपापल्या घरी गेले. वाद मिटवायचा राहिला. देवाच्या गळ्यात काम घातलं की गावाला झोप बरी लागते. दोघे भाऊबंद तेव्हापासून एकमेकांशी बोलत नव्हते, आणि नारळ उतरवायला माडावर पाडेली चढला नव्हता.

सुगंधानं मान वर केली. सुके, तपकिरी नारळ झावळ्यांच्या बेचक्यात गच्च लटकले होते. काढलेच नाहीत तर ते काय तिथं म्हातारे होऊन बसणार? एक एक करून खाली येणारच. आणि खाली येण्याच्या वाटेत काशीबाईची मागची पाखी.

"आजये, तुझ्या घरार नारळ पडतत," तिनं आत जाऊन सांगितलं.

काशीबाईनं मान हलवली. "माका पण आधी तसाच वाटला, बाये. पण नारळ पडलो आसतो तर खाली मेळूक नको? आवाज झालो की मी काठी घेवन पाठच्या दारी जातंय. माका एकय नारळ मेळूक नाय कधी. म्हणान तर भिकाजी म्हणालो, बॉलच."

सुगंधा परत बाहेर गेली. पागोळीखालच्या मऊ मातीत वाटीएवढे खळगे होते. नारळ मात्र एकही नव्हता. काशीबाई काठी शोधून, उंबरा ओलांडून मागच्या दारी पोचेपर्यंत कुणीतरी नारळ उचलून मोकळं होत होतं. नारळ पडताना आवाज करतो, उचलताना करत नाही.

"ह्यात कोणाचो फायदो?" सुगंधा म्हणाली. तिच्या बापाचं किराणा दुकान होतं, त्यामुळे ती कुठल्याही गोष्टीकडे याच दारातून शिरायची. "आमचो नाय. आजयेचो नाय. माड मागणारे दोघे. दोघांतलो एक."

"भिकाजीकाका," मधू म्हणाला. "तोच जास्ती ओरडता."

"नायतर महादूकाका," जानकी म्हणाली. "तो कायच बोलना नाय."

"कोण ता नारळच सांगतलो," सुगंधा म्हणाली.

भाईंना आणायचं काम जानकीकडे दिलं. शनिवारी, जेवणं उरकल्यावर, ती त्यांच्या पडवीत हजर झाली. भाई आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. मेक्सिकोत जगाचा फुटबॉल सुरू व्हायचा होता आणि कुणाचा संघ जिंकणार याचा भाईंना चांगला अंदाज होता. पन्नास पावलांवरच्या मैदानात काय चाललंय, याचा तेवढा नव्हता.

"काशीआजयेन तुमका सरबताक बोलवलाहा," जानकी म्हणाली. "संध्याकाळी बैठक. त्याच्या आधी तुमी कौलां बगूक व्हयी, असा ती म्हणता."

"आता? ह्या उनात?"

"उनातच कवडसे दिसतत, भाईनू. संध्याकाळी काय बगतलात?"

 भाईंनी डोक्यावर पंचा टाकला आणि निघाले.

काशीबाईच्या मागच्या खोलीत त्यांनी कवडसे पाहिले, आणि सुगंधानं काही न सांगता नुसतं विचारलं, "भाईनू, मैदान खंयच्या बाजूक?" भाई मधूइतके हुशार नव्हते, पण वयानं मोठे होते, ते उत्तर न देता नुसते "हं" म्हणाले.

मग सुगंधानं त्यांना मागच्या दाराच्या फळीआड स्टुलावर बसवलं. "आता थोडो वेळ गप रवूचा."

"माका गप रवूक सांगता ही," भाई काशीबाईला म्हणाले.

"मगे रवा ना गप," काशीबाई म्हणाली.

बाहेर ऊन रटरटत होतं. सगळी वाडी जेवून आडवी झाली होती. मधूनं घरच्या माडाचा, सोडणासकट, म्हणजे न सोललेला, सुका नारळ आणला होता. पागोळीखाली त्यानं फुटक्या कौलांचे तुकडे मांडले, नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला, तुकड्यांवर दाणकन आपटला आणि सुसाट गोठ्याआड पळाला.

धप्प. खळ्ळ.

पहिल्यांदा काहीच हललं नाही. मग गडग्याच्या डावीकडून एक डोकं वर आलं. भिकाजी. डोक्याला पंचा, पायात काही नाही, आणि चालणं असं की जमिनीला कळू नये. सुगंधाच्या मनात आलं, झालं, सापडला. तेवढ्यात गडग्याच्या उजवीकडून दुसरं डोकं वर आलं. महादू. त्याच्या काखेत गोणपाट होतं. म्हणजे सवय होती.

दोघेही खाली बघत, वाकून येत होते. नारळ बघणारा माणूस माणूस बघत नाही. दोघांचे हात एकाच वेळी एकाच नारळावर पडले.

दोन वर्षांत ते एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते. तो नारळ हातात धरून दोघे उभे राहिले, आणि सोडायचा कुणी नाही.

"सोड," भिकाजी म्हणाला.

"तू सोड. म्हणजे सकाळचे तू नेतंस. मी म्हणतंय, माका दुपारचेच कशे मेळतत."

"आनी माका वाटला, माड ह्या वर्सा कमी धरलो."

फळीआडून काहीतरी खाकरल्यासारखं झालं. भाई बाहेर आले, त्यांच्या मागून काशीबाई, काठीसह. ती काठी बघून दोघांनी नारळ एकदमच सोडला, आणि तो भिकाजीच्या पायावर पडला.

"देवाची आण विसारलात?" भाईंनी विचारलं.

"माडाक हात लावूक नाय, भाईनू," भिकाजी पाय चोळत म्हणाला. "देवाशप्पथ. हात माडाक लावूचो नाय, अशी आण. खाली पडलेलो नारळ उचलूचो नाय, अशी आण खंय होती?"

"होय, ह्या बरोबर आसा," महादू म्हणाला. दोन वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

भाईंनी थोडा विचार केला. आण त्यांनीच घातली होती, आणि शब्द तेच होते. "बरा. आण मोडली नाय. पण कौल फुटल्याचो आवाज ऐकान नारळ उचलूक धावलात, आनी कौलाक जीब नाय म्हणान बॉलाचा नाव घेतलात. नारळ पडतत ह्या कबूल केलात आसता तर तेच्यार पाडेली चढवलो आसतो आनी म्हातारीचा छप्पर रवला आसता. ह्याका आण लागणा नाय. ह्याका लाज लागता."

 गोठ्याआडून मधू बाहेर आला तो जिंकलेल्या कप्तानाच्या तोऱ्यात. "म्हणजे मैदान बंद नाय. आमी एकय कौल फोडूक नाय," तो म्हणाला.

 इथं गप्प बसण्यात सुगंधाचा फायदा होता. रविवार हातात आला होता. पण पुढच्या खोलीतले ते दोन कवडसे तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

"पुढची दोन आमची," ती म्हणाली.

मधूनं तिला कोपरखळी मारली. "गप रव गो. कोण विचारता तुका?"

"पुढच्या पाखीवर माड नाय, मधू. एक तुझी वळणारी किक. दुसरा मोठ्यांनी फोडला. आनी आजयेन सांगितलेल्या बाकीच्या गजाली पण खऱ्यो आसत. तू सरबत पितानाच मान खाली घातलंस."

मधूचा चेहरा पडला. मग त्यानं डोकं खाजवलं. "वळता ती किक. मी सांगितलेलंय," तो पुटपुटला.

 काशीबाईनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा झालेला हात सुगंधाच्या पाठीवर ठेवला.

संध्याकाळी बैठक झाली. बैठकीत भाई शहरी मराठीत बोलायचे, म्हणजे बाब गंभीर आहे हे सगळ्यांना कळावं. "मैदान वाडीचं आहे आणि घरंही वाडीचीच आहेत," ते म्हणाले. "मंडळाला खेळायला जागा हवी, काशीबाईला दुपारची झोप हवी. दोन्ही मागण्या वाजवी आहेत. आजवर आपण कुणाला एकत्र बसवलंच नाही. ही चूक माझी."

मग ठरवाठरवी झाली, आणि ती भाईंच्या भाषणापेक्षा जास्त वेळ चालली. मंडळाचा मोठा कप्तान म्हणाला, सोलं उचलल्याशिवाय, म्हणजे उन्हं कलल्याशिवाय, बॉल बाहेर काढणार नाही. काशीबाई म्हणाली, शिव्यांचं काय? तो म्हणाला, जो शिवी देईल तो त्या दिवशी बाहेर बसेल. मागून कुणीतरी म्हणालं, मग खेळायला उरणार कोण? हशा पिकला, पण अट राहिली. गडग्याच्या आडोशाची गोष्ट कुणी मोठ्यानं काढली नाही. भाईंनी देवळामागे माडाच्या झापांचा आडोसा करायला सांगितला आणि तेवढ्यात सगळे समजले. रापणीच्या एका म्हाताऱ्या मालकानं मासे धरायचं फाटकं जाळं देऊ केलं. मासे त्यातून सुटत होते, बॉल सुटला नसता. ते गोलाच्या मागे बांबूंवर ताणायचं ठरलं.

शेवटी भाई पोरांकडे वळले आणि शहरी मराठी विसरले. "आमी इतके जण ह्या वाडीत छपराखाली रवतो. छप्पर बगितला ता ह्या चेडवान. उद्या गोलात तीच उभी रवतली ना? मगे मी येतंय बगूक. मेक्सिको रवांदे."

रविवारी सकाळीच पाडेली माडावर चढला. सुकलेला टाळ भाईंनी स्वतःच्या हातानं सोडला, आणि नारळांचे दोन सारखे ढीग भिकाजी आणि महादूनं समोरासमोर बसून लावले. ढीग लावताना बोलावं लागतं, त्याला इलाज नव्हता. "तो फुटको तू घे," एवढंच बोलले, पण बोलले.

मालवणहून बॉल शिवून आला होता, आणि उन्हं कलल्यावर सामना झाला. शिरोड्याची मुलं गोलात मुलगी बघून आधी हसली. पाऊण तासानंतर हसत नव्हती. सुगंधानं एक गोल खाल्ला, तो तिच्या दोन पायांमधून गेला आणि त्याबद्दल ती पुढे महिनाभर स्वतःशी बोलत राहिली. मधूनं दोन मारले. त्यातला एक खरोखरच वळला.

शेवटच्या क्षणाला शिरोड्याच्या एका ताडमाड पोरानं गोलाच्या वरच्या कोपऱ्यात बॉल हाणला. सुगंधानं उडी मारली आणि दोन्ही मुठींनी तो वर ठोसला. बॉल दांड्यावरून गेला, रापणीच्या जाळ्यावरूनही गेला, आणि काशीबाईच्या पुढच्या पाखीवर पडला.

खळ्ळ.

शिट्टी वाजली. सामना जिंकला होता, पण वाडीचं एकही पोर नाचलं नाही. सगळ्यांनी घराकडे पाहिलं. सुगंधा आणि मधू तशीच, घामाघूम, काशीबाईच्या ओटीसमोर जाऊन उभी राहिली. काशीबाई पायरीवर बसून सामना बघत होती. तिचा एक हात पदराखाली होता आणि पदराखालून कौलाचा लाल कोपरा दिसत होता.

"आजये, आमच्याकडसून एक कौल..." सुगंधानं सुरुवात केली.

"खंयचा कौल?" काशीबाई म्हणाली. "माका आता ऐकाक कमी येता. तू बॉल अडवलंस ता मात्र बगलंय. घरी जा. आवस वाट बगत आसतली."

एवढ्या प्रकरणात कुणी काय भरलं, ते सांगायचं तर मागच्या पाखीची कौलं भिकाजी आणि महादूनं अर्धी अर्धी भरली. पुढची दोन मंडळानं भरली, आणि ती बसवताना मधूला दिवसभर शिडी धरून उभं राहावं लागलं. पाडेल्याला भाईंनी आपल्या माडांचे नारळ दिले. रविवारचं कौल कुणाच्याच नावावर लागलं नाही. सोमवारी सकाळी काशीबाईनं आपल्या गोठ्याच्या छपरावरचं एक कौल काढवून तिथं बसवून घेतलं, आणि गोठ्यावर त्या जागी माडाचं झाप टाकलं.